न पटणारं कारण

१० मे २०२२ रोजी अमेरिकेच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन सिनेटच्या बँकिंग समितीपुढे साक्ष देत होत्या. विषय वित्तव्यवस्थेच्या स्थैर्याचा होता. पण आठवडाभरापूर्वी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा मसुदा फुटला होता आणि १९७३ पासूनचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क आता जाणार, हे देशाला कळून चुकलं होतं. एका सदस्यानं त्याबद्दल विचारल्यावर येलेन यांनी आडपडदा ठेवला नाही. हा हक्क गेला तर अर्थव्यवस्थेचं मोठं नुकसान होईल आणि स्त्रिया कित्येक दशकं मागे ढकलल्या जातील, असं त्यांनी सांगितलं.

दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर टिम स्कॉट यांना हे अजिबात रुचलं नाही. गर्भपातासारखा विषय किती स्त्रिया नोकरी करतात या आकड्यांत बसवणं आपल्याला निष्ठुर वाटतं, असं ते म्हणाले. त्यांना स्वतःला एकट्या आईनं गरिबीत वाढवलेलं. येलेन यांनी उत्तर दिलं, की कठोर बोलण्याचा आपला हेतू नाही; पण मूल वाढवायला हाताशी पैसा असेल ही खात्री हादेखील समाधानाच्या आयुष्याचा एक भाग असतो.

स्कॉट यांचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आईपणाच्या गोष्टीत कुणी घरभाड्याचा आणि पगाराचा हिशेब काढला, की ऐकणाऱ्याला तो खुपतो. हे खुपणं फक्त एका सिनेटरचं नाही, अर्ध्या देशाचं आहे. ते किती खोल आहे, याची मोजदादही पन्नास वर्षांपासून सुरू आहे.

शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेली एक संशोधन संस्था १९७२ पासून ‘जनरल सोशल सर्व्हे’ नावाची पाहणी करते. तिच्यात लोकांना गर्भपाताबद्दल एकच ढोबळ प्रश्न न विचारता वेगवेगळी कारणं पुढे ठेवली जातात. बाईच्या जिवाला मोठा धोका असेल तर? बलात्कारातून दिवस गेले असतील तर? गर्भात गंभीर दोष असेल तर? घरात पैसा नाही, आणखी एक मूल परवडणार नाही, असं असेल तर? पहिल्या कारणाला दहापैकी आठ-नऊ लोक मान्यता देतात. बलात्काराच्या बाबतीतही मोठं बहुमत असतं. गरिबीचं कारण आलं की पाठिंबा एकदम निम्म्यावर येतो, आणि मधली अनेक दशकं तो निम्म्याच्याही खालीच राहिला.

लोकांच्या मनात अशी एक उतरंड आहे. जिच्यावर आभाळ कोसळलं तिच्याबद्दल करुणा. जिचं महिनाअखेर भागत नाही तिच्याबद्दल मात्र शंका.

गर्भपातासाठी येणाऱ्या स्त्रियांना विचारलं, तर ही उतरंड उलटी होते. गटमाकर इन्स्टिट्यूट या संस्थेनं २००४ मध्ये केलेल्या पाहणीत जवळपास तीन-चतुर्थांश जणींनी जी कारणं सांगितली, त्यांत ‘आत्ता मूल परवडणार नाही’ हे होतं. याच संस्थेच्या २०१४ च्या आकडेवारीनुसार गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांपैकी ७५ टक्के गरीब किंवा अल्प उत्पन्न गटातल्या होत्या, आणि ५९ टक्के जणींना आधीच किमान एक मूल होतं. म्हणजे घरात आहेत त्या मुलांच्या तोंडचा घास मोजूनच त्या दवाखान्याची पायरी चढतात. बलात्कार हे कारण सांगणाऱ्या शंभरात एक-दोन असतात. ज्या कारणाला समाज सहज मान्यता देतो ते सर्वांत विरळ, आणि जे सर्रास आढळतं त्याच्याकडे तो संशयानं पाहतो. अमेरिकेतला सारा वाद या दोन टोकांमध्ये अडकलेला आहे.

कायद्यातही हीच उतरंड उतरली. १९७६ मध्ये काँग्रेसनं ‘हाइड दुरुस्ती’ मंजूर केली. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी आरोग्य योजनेतून केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरायला तिनं बंदी घातली. आज तिला अपवाद आहेत ते जिवाला धोका, बलात्कार आणि कुटुंबातल्या व्यक्तीकडून झालेला अत्याचार यांचे. योजना गरिबांची, आणि अपवादांत गरिबी नाही.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो? सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपाताला साधारण पाचशे-सहाशे डॉलर लागतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत ३७ टक्के प्रौढांनी सांगितलं, की चारशे डॉलरचा अचानक आलेला खर्च आपल्याला रोखीनं भागवता येणार नाही. मग उसनवारी सुरू होते. पैसे जमेपर्यंत दोन-तीन आठवडे निघून जातात. तेवढ्यात गर्भ वाढतो, फी वाढते, जवळचा दवाखाना आता घेत नाही, लांबचा गाठायला प्रवासखर्च लागतो आणि त्या दिवसांचा पगार बुडतो. पुन्हा पैसे जमवायचे. अशी धावपळ करून दवाखान्यात पोहोचावं तर तिथली गर्भपाताची मुदत चार दिवसांपूर्वी उलटलेली असते.

अशा परत पाठवलेल्या स्त्रियांचं पुढे काय झालं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधक डायना ग्रीन फॉस्टर यांनी शोधलं. २००८ ते २०१० या काळात त्यांच्या पथकानं तीस दवाखान्यांतून जवळपास एक हजार स्त्रिया निवडल्या. काही जणी मुदतीच्या थोड्या आत पोहोचल्या होत्या आणि त्यांचा गर्भपात झाला होता. काही जणी थोड्या उशिरा पोहोचल्यानं परत गेल्या होत्या. दर सहा महिन्यांनी फोन करून पाच वर्षं त्यांची खबर घेतली गेली. निमंत्रण दिलेल्यांपैकी बऱ्याच जणी सहभागी झाल्या नाहीत, असा आक्षेप या अभ्यासावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. तरी दोन्ही गटांची सुरुवातीची परिस्थिती बरीचशी सारखी होती, म्हणूनच पुढची तफावत बोलकी ठरते. परत पाठवलेल्या स्त्रियांचं कुटुंब सहा महिन्यांनी दारिद्र्यरेषेखाली असण्याची शक्यता दुसऱ्या गटापेक्षा बरीच जास्त होती. मारहाण करणाऱ्या जोडीदाराशी संबंध तोडणं त्यांना जास्त अवघड गेलं.

नंतर अर्थतज्ज्ञ सारा मिलर आणि लॉरा व्हेरी यांनी फॉस्टर यांच्यासोबत याच स्त्रियांच्या पत-नोंदी, म्हणजे कर्ज आणि फेडीच्या नोंदी, तपासल्या. त्या नोंदी बँका आणि सावकारी कंपन्यांकडून येतात. कुणाच्या आठवणीवर किंवा मतावर अवलंबून नसतात. दवाखान्यात येण्याआधी दोन्ही गटांचे आलेख बरोबरीनं चाललेले दिसले. त्यानंतर ते फाटले. परत गेलेल्यांच्या थकलेल्या कर्जाची रक्कम ७८ टक्क्यांनी वाढली. दिवाळखोरी, घरातून हकालपट्टी, वसुलीचे न्यायालयीन आदेश अशा नोंदी ८१ टक्क्यांनी वाढल्या. हा फरक पुढे वर्षानुवर्षं टिकला.

अर्थतज्ज्ञांना याचं फार नवल वाटलं नाही. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००२ मध्येच दाखवून दिलं होतं, की अविवाहित तरुणींना गर्भनिरोधक गोळी मिळू लागली तशा त्या वैद्यक आणि कायद्याच्या लांबलचक शिक्षणाकडे वळल्या. गर्भपाताला १९७३ च्या आधीच मोकळीक देणाऱ्या काही राज्यांची इतरांशी तुलना करून केटलिन मायर्स यांनी किशोरवयीन मातृत्वात मोठी घट झाल्याचं मांडलं. मिसिसिपी राज्याच्या गर्भपातबंदीचा खटला, ज्याच्या निकालाचा मसुदा पुढे फुटला, सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा दीडशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी हा पुरावा न्यायालयापुढे ठेवला. मिसिसिपीचं म्हणणं होतं, की आता काळ बदलला, स्त्रिया घर आणि नोकरी दोन्ही सांभाळू शकतात. ज्या देशात बाळंतपणाची भरपगारी रजा देणारा राष्ट्रीय कायदा नाही आणि १९९३ चा कायदा फक्त बारा आठवड्यांची, तीही बिनपगारी रजा देतो, त्या देशाबद्दल हे बोललं जात होतं. २४ जून २०२२ ला निकाल आला आणि हा घटनात्मक हक्क संपला. गर्भपाताच्या हक्काचा स्त्रियांच्या जीवनावर काय परिणाम होतो हे जोखणं न्यायालयाला अवघड आहे, असं म्हणून बहुमतानं तो मुद्दा बाजूला ठेवला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा हिशेब परका वाटू नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांना उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. बाई पाळीमुळे किंवा आजारपणामुळे फडावर गेली नाही तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे माहिती आली, की जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. तो प्रश्न गर्भपाताचा नव्हे, पण मजुरीचा आणि बाईच्या शरीराचा संबंध किती थेट असतो हे त्यात दिसतं. भारतीय कायद्यानं मात्र १९७१ पासून एक शहाणपण दाखवलं आहे: गर्भामुळे बाईच्या आरोग्याला धोका आहे का हे ठरवताना डॉक्टरांना तिची आजची आणि पुढे संभवणारी परिस्थितीही विचारात घेता येते, अशी त्यात तरतूद आहे. सप्टेंबर २०२२ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं नोकरी जाणं, आर्थिक आधार तुटणं यांचाही विचार केला. अंतिम शब्द इथं अजून डॉक्टरांचाच असतो, ही उणीव आहेच.

अमेरिकेत निकालानंतर प्रश्न राज्याराज्यांच्या मतपत्रिकेवर गेला आणि राजकीय पक्षांना न दिसलेलं काहीतरी बाहेर आलं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीत ६३ टक्के लोकांनी गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रकरणांत कायदेशीर असावा असं सांगितलं. स्त्रिया आणि पुरुष यांच्या मतांत फरक अगदी थोडा होता. मोठी दरी होती ती पक्षनिष्ठेची आणि धर्माची. पण पक्षनिष्ठाही मतदान केंद्रात ढिली पडते. रिपब्लिकनांचा गड असलेल्या कॅन्सासमध्ये २ ऑगस्ट २०२२ ला राज्यघटनेतलं संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव जवळपास ५९ टक्के मतांनी फेटाळला गेला.

सर्वांत बोलकं उदाहरण मिझुरीचं. ५ नोव्हेंबर २०२४ ला तिथल्या मतदारांनी ट्रम्प यांना मोठ्या फरकानं निवडून दिलं. त्याच मतपत्रिकेवर त्यांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला, आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन तासाला १५ डॉलरपर्यंत नेण्याचा, शिवाय दर तीस तासांच्या कामामागे एक तास भरपगारी आजारपणाची रजा देण्याचा कायदाही मंजूर केला. गर्भपाताचा प्रस्ताव ५२ टक्क्यांच्या आसपास मतांनी निसटता पास झाला; वेतन आणि रजेच्या बाजूनं सुमारे ५८ टक्के होते. त्याच दिवशी शेजारच्या नेब्रास्कात भरपगारी रजेला सुमारे ७४ टक्के लोकांनी होकार दिला, पण गर्भपातावर पहिल्या तिमाहीनंतर बंदी घालणारी घटनादुरुस्तीही तिथल्या बहुमतानं स्वीकारली. रजा हा कष्टकऱ्याचा हक्क आहे हे बहुतेकांना पटलं आहे. नोकरी टिकवायची तर मूल कधी हवं हे ठरवणंही हाती हवं, हे मात्र काहींच्याच गळी उतरलं आहे.

मिझुरीच्या विधिमंडळाला दोन्ही गोष्टी एकत्रच दिसल्या असाव्यात. १४ मे २०२५ ला राज्याच्या सिनेटमधल्या बहुमतानं चर्चा थांबवून एकाच दिवशी दोन निर्णय रेटले. पहिला, मतदारांनी सहा महिन्यांपूर्वी मिळवलेली भरपगारी रजा रद्द करण्याचा; राज्यपालांच्या सहीनंतर ती त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर संपली. दुसरा, गर्भपाताचा हक्क काढून घेणारी घटनादुरुस्ती २०२६ च्या मतपत्रिकेवर ठेवण्याचा. तिच्यात अपवाद आहेत ते वैद्यकीय आणीबाणीचे, गर्भातल्या गंभीर दोषाचे आणि, फक्त बाराव्या आठवड्यापर्यंत, बलात्काराचे. सेंट लुईसच्या एखाद्या गोदामात तासावर राबणाऱ्या, दोन मुलांच्या आईला ताप आला तरी आता पगार बुडवूनच घरी बसावं लागेल; तिसऱ्याची चाहूल लागली, तर तिची अडचण त्या अपवादांच्या यादीत कुठेही नाही.