डोकं थंड, मन मऊ

सबमिशनची आदली रात्र. गेल्या सेमला अशाच एका रात्री माझा रूम पार्टनर तापाने फणफणला होता. त्याने पाणी मागितलं आणि मी खेकसलो, "दिसत नाही का, जर्नल लिहितोय!" जर्नलवर सही मिळाली, पण ते वाक्य अजून टोचतं. दडपण आलं की आपण असे का होतो?

धोका वाटला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, लक्ष फक्त संकटावर खिळतं. पळायला हे ठीक, पण शेजारचा माणूस दिसेनासा होतो.

तरीही काहींना तो दिसतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी कामा हॉस्पिटलमध्ये शिरले, तेव्हा नर्स अंजली कुलथे यांच्या वॉर्डात 20 गरोदर बायका होत्या. त्यांनी सगळ्यांना पॅन्ट्रीत हलवलं, दिवे मालवले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. कुलथेंनी तिला भिंतीच्या कडेकडेने लेबर रूममध्ये नेलं. बाळ सुखरूप जन्मलं! भीती वाटलीच असणार. पण हातात पुढचं एक काम होतं, आणि ते दुसऱ्यासाठी होतं. पुढे कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या युनिफॉर्ममध्येच गेल्या.

म्हणजे शांत राहणं म्हणजे न घाबरणं नव्हे, तर पुढचं एकच काम पाहणं. सोबत दोन मिनिटं श्वास सावकाश सोडावा, ठोके उतरतात.

पण दडपण रोजचंच असेल तर? मटेरियल्समधला फटीग आठवा. एक मोठा लोड सहज पेलणारा रॉड छोट्या लोडच्या हजारो फेऱ्यांनी तुटतो. माणसाचं बर्नआउट तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये नोकरीच्या संदर्भात त्याची तीन लक्षणं सांगितली: न जाणारा थकवा, कामाबद्दल कडवटपणा, आणि हातून नीट काम न होणं. आपल्या हॉस्टेलमध्ये ती कोणाला अनोळखी आहेत?

फरक एवढाच, की स्टीलची भेग आपोआप भरत नाही, माणूस मात्र भरून येतो. पण आधी लोड कमी करावा लागतो. पुरेशी झोप, वेळेवर जेवण, एखाद्या कामाला सरळ 'नाही', आणि कोणाशी तरी बोलणं. एका रविवारी होत नाही, आठवडे लागतात. बोलायला कोणीच नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे: 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतसुद्धा.

परवा पुन्हा सबमिशन होतं. मी आधी पार्टनरची बाटली भरून ठेवली, मग जर्नल उघडलं. मिनिटभरच गेलं!