हात लावाल तर... हवा!

"मावशी, ते नाणं उचल. उचललंस तर तुझं!"

दहावीतल्या भाच्याचं चॅलेंज. टेबलावर उडत्या तबकडीसारखी काळी बशी, वर गोल भोक आणि भोकाच्या तोंडाशी पाच रुपयांचं नाणं. मी ऐटीत चिमटीत धरायला गेले आणि हाती आली नुसती हवा!

वाढदिवसाला मित्रांनी दिलेलं 'मिराज' नावाचं खेळणं होतं ते. बॅटरी नाही, वायर नाही. "आभासी प्रतिमा रे!" मी ठोकून दिलं. "चूक. वास्तव!" तो म्हणाला.

माझी विकेटच! दहावीला हीच व्याख्या घोकून मी पैकीच्या पैकी मार्क काढले होते. त्या जोरावर 'आधी पाठ कर, मग कळेल' असे डोस याला पाजत होते. पाठ होईना, म्हणून साहेब अकरावीला सायन्स नको म्हणत होते.

त्यानं बशी उघडली. आत समोरासमोर ठेवलेले दोन अंतर्वक्र आरसे. खरं नाणं खालच्या आरशाच्या मध्यावर, म्हणजे बरोब्बर वरच्या आरशाच्या नाभीत. नाण्यावरून निघालेले किरण वर आपटतात, समांतर होऊन खाली येतात आणि खालचा आरसा त्यांना पुन्हा आपल्या नाभीत, म्हणजे भोकापाशी, गोळा करतो. किरण तिथे खरोखर भेटतात आणि मग आपल्या डोळ्यांकडे येतात. म्हणून ती प्रतिमा वास्तव. बाथरूमच्या आरशामागे मात्र एकही किरण पोचत नाही. थोडक्यात, रोज सकाळी दिसणारी 'मी' आभासी आणि चिमटीत न आलेलं नाणं वास्तव!

कहर म्हणजे, टॉर्च मारला तर तरंगतं नाणंही चमकतं. कारण उजेड त्याच वाटेनं उलटा खऱ्या नाण्यापर्यंत जातो. डोळे बशीच्या काठाच्या पातळीला नेले, की नाणं गायब!

या करामतीचं अमेरिकन पेटंट व्हर्जिल एलिंग्ज आणि कॅलिस्ट लँड्री या दोघांना 1972 साली मिळालं.

खेळणं नाही? स्टीलचा चमचा घ्या, खोलगट बाजू स्वतःकडे करून हातभर लांब धरा. उलटा दिसणारा तुमचा चेहरा चमच्यात नाही, चमच्याच्या पुढ्यात हवेत असतो.

भाच्याचं सायन्सचं अजून नक्की नाही. पण 'पाठ कर' म्हणणं मी बंद केलंय. आणि नाणं? ते त्याच्याच खिशात गेलं.