घरची शाळा कोणाला झेपते?

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गात मुलांना शाळेतून काढून घरीच शिकविण्याचा विचार अलीकडे जो बळावला आहे, त्याच्या मुळाशी वाढते शुल्क आणि गुणांची जीवघेणी चढाओढ यांविषयीची रास्त तक्रार आहे, हे कबूल करूनही ही तजवीज प्रत्येक घराला मानवेल असे म्हणावयास माझे मन धजत नाही.

घरी विद्या येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. आई लक्ष्मीबाईंकडून तीर्थाटनाच्या वाटेवर संस्कृत शिकलेल्या पंडिता रमाबाईंचा १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव केला. परंतु त्या लक्ष्मीबाईंना शिकविणारे त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे स्वतः व्युत्पन्न शास्त्री होते, ही गोष्ट दाखला देणारे सोयीस्करपणे विसरतात. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांना खुद्द त्यांचे न्यायाधीश पती माधवराव रानडे यांनी शिकविले, तरी त्यापायी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा केवढा रोष त्यांना सोसावा लागला, हे त्यांच्या आठवणींत नमूद आहे. शिक्षक न्यायाधीश असला तरी घराची संमती निराळी मिळवावी लागते.

कायद्याची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले, पण ते न करणाऱ्यास शिक्षा काही सांगितली नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास दहावीला बसू देते आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी देते. शाळेत न जाता परीक्षेला बसणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. सारांश, परीक्षेचा दरवाजा बंद नाही.

खरी अडचण सकाळी साडेदहाला उभी राहते. आई कुकरच्या शिट्ट्या मोजत अपूर्णांकांची बेरीज समजावीत असते, तोच कचेरीचा फोन वाजतो, सासूबाई मुलाला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयास धाडतात, आणि छेद समान करावयाचा राहून जातो तो राहूनच जातो. शाळेच्या तासाला जी अभेद्यता असते, ती घरात निर्माण करणे हे शिकविण्याहूनही कठीण काम आहे. आणि ते बहुधा नोकरी सोडून बाईनेच करावे, असे न बोलता गृहीत धरलेले असते. दोघांच्या रोजंदारीवर चालणाऱ्या घराविषयी तर बोलावयासच नको. तेथे जिल्हा परिषदेच्या शाळेतील खिचडी, फळा आणि बरोबरीची चार पोरे यांची भरपाई कोणत्याही ध्येयवादाने होणार नाही.

म्हणून शाळेतून नाव काढण्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत घरातील सर्वांनी एकत्र बसून रोजचे तीन अखंड तास मुलाला कोण देणार, हे नावानिशी ठरवावे. नाव निघत नसेल, तर जूनमध्ये त्याला बिनदिक्कत शाळेत पाठवावे.