काचेवरचा डाग, छातीतली जळजळ

दिवाळीची साफसफाई निघाली की खिडक्यांची पाळी बहुधा शेवटी येते. धूळ पुसली जाते, पण काचेवरचे पांढरे ठिपके काही हटत नाहीत. मग तारेची घासणी निघते. तिनेही भागले नाही तर टॉयलेट क्लीनर, आणि वर थोडे ब्लीच! डाग जाण्याआधीच डोळे चुरचुरू लागतात, खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी वाटते.

ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडलेला विषारी वायू तो हाच. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे ब्लीचमध्ये मिसळला, तरी श्वासनलिकेला जाळणारे वायू तयार होतात. दम्याच्या रुग्णाला त्याची थोडी मात्राही महागात पडते.

खरे तर इतक्या जहाल उपायांची गरजच नसते. डाग कशाचा आहे हे ओळखले की निम्मे काम होते.

पांढरे ठिपके बहुतेक वेळा बोअरवेलच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कापड भिजवावे आणि दहा-पंधरा मिनिटे डागावर ठेवावे. क्षार सैल झाले की नायलॉनच्या मऊ ब्रशने हलके घासून स्वच्छ पाण्याने धुवावे. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालू नये. फेस भरपूर येतो, पण दोघांचाही जोर एकमेकांत संपतो. खिडकीखाली संगमरवर असेल तर त्यावर व्हिनेगर सांडू देऊ नये. वर्षानुवर्षांचे काही डाग काचेतच उतरलेले असतात, ते घासून जात नाहीत.

तेलकट थरासाठी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि स्पंज पुरतो. खिडकीच्या खाचेत जुना टूथब्रश उत्तम चालतो. काच कोरडी घासू नये. धुळीतले वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असल्याने ओरखडे पडतात. शेवटी रबरी वायपर वरून खाली ओढावा. भर उन्हात धुतल्यास पाणी चटकन वाळते आणि नवे डाग उमटतात.

कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडणे सर्वांत धोक्याचे. तिच्या धुळीतून बुरशीचे कण फुप्फुसात जाऊ शकतात, काहींना ॲलर्जीमुळे फुप्फुसाचा चिवट आजार जडतो. एन-९५ मास्क व हातमोजे घालावेत, विष्ठेवर पाणी फवारून ती पूर्ण भिजू द्यावी आणि मग पुसून पिशवीत बांधावी. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

चुकून वायू सुटलाच तर बाटल्या आवरत बसू नये. ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. डोळ्यांत किंवा अंगावर द्रव उडाला असेल तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याने धुवावे. सोडा, लिंबू, तूप काहीही लावू नये. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर रुग्णालय गाठावे आणि वापरलेल्या द्रव्यांची नावे डॉक्टरांना सांगावीत. फुप्फुसात पाणी साचण्याचा त्रास कधी कधी काही तासांनीही सुरू होतो. म्हणून ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर विसंबू नये.

आणि बाहेरच्या बाजूच्या काचेसाठी कठड्यावर किंवा छज्ज्यावर उतरू नये. लांब दांड्याचा वायपर आतूनच फिरवावा. जिथवर हात पोहोचत नाही, तिथला डाग राहू द्यावा. पाहुण्यांच्या नजरेत तो भरला, तरी घरच्या माणसाच्या जिवाइतका मोलाचा नक्कीच नाही.