चैत्रात धणे नको, पुदिना लावा

गुढीपाडव्याच्या सुमारास झाडांना पालवी फुटते आणि आपल्यालाही खिडकीत काही हिरवे असावेसे वाटते. बहुतेक जण धणे पेरतात. कोथिंबीर उगवतेही, पण थोडी वाढताच देठ लांबतो, पाने बारीक होतात आणि फुले येतात. यात तुमची चूक नाही. कोथिंबीर थंडीतली. ऊन वाढले, दिवस मोठा झाला, की ती बी धरायच्या घाईला लागते.

त्याऐवजी पुदिना लावा. बाजारातल्या जुडीतल्याच चार-पाच जाड काड्या घ्या, खालची पाने काढा आणि पेल्यात पाण्यात ठेवा. पाणी दिवसाआड बदला. ८-१० दिवसांत पेरांपाशी मुळे फुटतात. मग तळाला भोक असलेल्या पसरट कुंडीत लावा. सकाळचे ऊन द्या, दुपारचे टाळा. शेंडे खुडत राहा, म्हणजे बगलेतून नवे कोंब येतात. कडक ऊन येणाऱ्या गच्चीत गवती चहाचा ठोंब लावावा.

खुडलेल्या पानातले क जीवनसत्त्व साठवल्याने आणि शिजवल्याने कमी होते. म्हणून पाने आयत्या वेळी खुडून चटणीत, ताकात कच्चीच घाला.

एक मात्र विसरू नका. कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. दर आठवड्याला ताटली घासून कोरडी करा.