लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको

बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह आलं आणि काळ्या पडद्यावर ओळ उमटली: ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’. अशा वेळी आपण लगेच दुकान गाठतो आणि बऱ्याचदा ऐकू येतं, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ इथेच थांबायला हवं. आत मुलीचा प्रोजेक्ट असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्कॅन केलेले दाखले असतात, घरातल्या निकाहाचे फोटो असतात.

या ओळीचा अर्थ एवढाच की विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स लॅपटॉपला सापडल्या नाहीत. त्याची मुख्य कारणं तीन: लॅपटॉप भलत्याच ठिकाणी शोधतोय, सुरुवातीच्या फाइल्स बिघडल्यात, किंवा ड्राइव्ह सैल झालाय वा खराब झालाय. पहिल्या दोन कारणांत आपला डेटा बहुधा जागेवरच असतो. म्हणून आधी कारण शोधूया.

१. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढा. लॅपटॉप कधी कधी त्यातूनच सुरू व्हायचा प्रयत्न करतो. मग लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा चालू करा.

२. तरीही तेच झालं, तर बायोस उघडा. चालू करताच डेल, एसर, आसूसमध्ये साधारण एफ २, एचपीमध्ये एफ १० हे बटण पुन्हा पुन्हा दाबायचं. लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एफ २, थिंकपॅडमध्ये एफ १. तिथे ड्राइव्हचं नाव दिसतंय का, ते बघा.

३. नाव दिसत असेल, तर ‘बूट ऑर्डर’मध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वात वर हवा. तारीख-वेळ जुनीच दाखवत असेल, तर मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली असण्याची शक्यता आहे. त्यामुळे ‘यूईएफआय’ऐवजी ‘लेगसी’ अशी सेटिंग बदललेली असू शकते. काहीही बदलण्याआधी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. बिटलॉकर चालू असेल, तर अशा बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

४. सेटिंग बरोबर असूनही सुरू होत नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवा. किमान ८ जीबीचा आणि रिकामा घ्या, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. त्यातून लॅपटॉप सुरू करून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ आणि पुढे ‘स्टार्टअप रिपेअर’ निवडा. ‘इन्स्टॉल’वर मात्र जाऊ नका.

५. बायोसमध्ये ड्राइव्हचं नावच नसेल, तर तो सैल झाला असेल किंवा गेला असेल. जुन्या हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्याने नुकसान वाढू शकतं. इथून पुढे जाणकाराचंच काम.

दुकानात देताना पावतीवर लिहून घ्या: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ ड्राइव्ह चालू असेल, तर तो काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फाइल्स कॉपी करता येतात. बिटलॉकर असेल तर तिथेही ती की लागते. शक्य असेल तर हे काम आपल्यासमोर, आपल्याच हार्ड डिस्कवर करून घ्या. घरातल्या बायकामुलींचे फोटो ही आपल्याकडची अमानत आहे, ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहू नये.

आणि लॅपटॉप आज ठणठणीत असेल, तर हीच वेळ आहे. या जुम्याला अर्धा तास काढा, दाखले आणि फोटो एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून घरच्या फाइलीत ठेवा.