भूतदयेचा खर्च कोणी सोसावा?

रामटेकच्या गडावर जाणारा यात्रेकरू पायऱ्या चढू लागतो तेव्हा बहुधा त्याच्या हातात फुटाण्यांची पुडी असते. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे त्याची वाट पाहत कठड्यावर बसलेली असतात. कोणी अदबीने हात पुढे करतो, कोणी पुडीच हिसकावून नेतो. रामाच्या गडावर मारुतीच्या कुळातल्यांनी प्रसाद नेला, तर त्याची तक्रार करायची कोणी आणि कोणाकडे? दहा-वीस रुपयांत मुलांची करमणूक होते, वडीलधाऱ्यांना पुण्य लाभते आणि मुक्या जिवाच्या पोटात चार घास गेल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. इतके स्वस्त पुण्य अन्यत्र मिळणे कठीण. परंतु एखादी वस्तू वाजवीपेक्षा स्वस्त मिळू लागली, की तिच्या किमतीचा उरलेला भाग दुसरा कोणीतरी भरीत असतो, हा बाजाराचा नियम पुण्यालाही लागू पडतो.

भूतदया हे आता केवळ संतवचन राहिलेले नाही. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. त्यांत अरण्ये व वन्य जीव यांचे रक्षण करावे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगावी, असे स्पष्ट सांगितलेले आहे. त्याआधी १९६० मध्ये प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला होता आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा. हेतूविषयी वाद नाही. मात्र ही दया कोणत्या हातांनी करावयाची आणि तिचा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा, याविषयी आपली लोकभावना एक बोलते आणि व्यवहार दुसरेच सांगतो. रामटेक तालुका या दोहोंचे अंतर मोजण्यास फार सोयीचा आहे. गडावर वानरांना खाऊ घालणारी दया येथे आहे, आणि तालुक्याच्या उत्तरेला पेंचच्या जंगलाकाठी वाघ-रानडुकरांसह नांदण्याची सक्तीही येथेच आहे.

प्रथम गडावरच्या दयेचा विचार करू. वानर हा मुळात पाने खाणारा प्राणी. त्याचे जठर कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यातील सूक्ष्म जीव पानांतील चिवट तंतू आंबवून त्याचे अन्न बनवितात. कोवळी पालवी, कळ्या, शेंगा, फळे असा ऋतूप्रमाणे बदलणारा आहार शोधण्यात त्याचा दिवस जावा, अशी निसर्गाची योजना आहे. त्याच्या हाती बिस्किटे, केळी आणि फुटाणे आयते पडू लागले, की दिवसभराचे काम तासाभरात उरकते. उरलेला वेळ आणि उरलेली शक्ती कोठे जाते? जोधपूरच्या परिसरातील वानरांचा अभ्यास १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून होत आला आहे. माणसांकडून अन्न मिळणाऱ्या तेथील टोळ्यांत दोन पिलांमधील अंतर कमी होते, असे त्यात आढळले. उलट जंगलात स्वतःच्या बळावर जगणाऱ्या टोळ्यांत ते अंतर दोन वर्षांहून अधिक असते. म्हणजे यात्रेकरूची पुडी एका वानराची भूक भागवीत नाही, ती उद्याच्या आणखी वानरांची तरतूद करते. यात्रेचे दिवस सरले, पावसाळ्यात गडावरची वर्दळ ओसरली, की ही वाढलेली तोंडे अन्नासाठी खाली वस्तीत उतरतात. कवेलू फुटतात, परसातली वाल-भोपळ्याची वेल ओरबाडली जाते, वाळवणाजवळ म्हातारीला काठी घेऊन बसावे लागते.

फुटाणे देणारा त्या वेळी तेथे नसतो. तो संध्याकाळच्या गाडीने पन्नास किलोमीटरवरील नागपूरला परतलेला असतो. त्याने घेतलेल्या पुण्याची बाकी रामटेकच्या उतारावरील घरांनी फेडावयाची असते. ज्यांनी ती दया केली नाही, ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्यावर तिचा भार पडतो. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याची भिंत काळी झाली, तर अर्थशास्त्र त्याला बाह्य परिणाम म्हणते आणि धूर सोडणाऱ्याकडून खर्च वसूल करावा असे सांगते. पुण्याच्या धुराला मात्र अद्याप कोणी असा हिशेब लावलेला नाही. खुद्द वानराचाही यात तोटाच आहे. माणसाच्या हाताला सरावलेला प्राणी रस्त्यावर उतरतो, मोटारीखाली येतो, आणि एखाद्या मुलाला चावला की कालचा मारुती आज उपद्रवी जनावर ठरतो.

आपल्या पूर्वजांची दया अशी बिनहिशेबी नव्हती. १८३४ मध्ये मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ साली शहरात दंगा झाला होता, त्याची ही परिणती. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने हे काम झाले, आणि व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून त्याच्या खर्चाची सोय लावली. त्या पांजरपोळाच्या कारभारात दोष काढता येतील. परंतु ज्यांनी दया केली त्यांनीच तिची किंमत दिली, एवढे तरी मान्य करावे लागेल.

आता गड उतरून उत्तरेकडे, देवलापार आणि सिल्लारीच्या बाजूला जावे. येथे भूतदया ऐच्छिक नाही. १९७५ मध्ये पेंच राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्या सीमेला लागून असलेल्या शेतकऱ्याने वाघावर दया करावी किंवा नाही, हा प्रश्नच त्याला कोणी विचारलेला नाही. कायद्याने ती त्याच्याकडून घेतली जाते. धान निसवू लागला किंवा हरभऱ्याला घाटे धरू लागले, की रानडुकरे आणि रोही यांच्या भीतीने त्याला रात्ररात्र जागलीला जावे लागते. दिवसभर राबलेल्या माणसाच्या झोपेची किंमत कोणत्याही खातेवहीत नसते, पण ती रोज रात्री मोजली जाते. आणि त्याच अंधारात वाघाशी गाठ पडण्याचा संभव असतो, तो वेगळाच.

शासन नुकसानभरपाई देते, हे खरे. वाघाने बैल मारला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनाधिकाऱ्याला कळवावे लागते, पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवायचे नाही, आणि मग बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के रक्कम, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत, मिळू शकते. संरक्षित क्षेत्रात बेकायदा चरत असताना जनावर मारले गेले असेल, तर काहीच नाही. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. पण बाजारभाव हा बैलाचा असतो. मृगाच्या आठवड्यात जोडीतला एक बैल गेल्याने जी पेरणी हुकते, तिचा बाजारभाव कोणी काढायचा? उरलेल्या एका बैलाचा उपयोग काय? दुभती गाय गेली तर पुढची दोन-तीन वेते गेली. राहिलेले पंचवीस टक्के कोणाचे, हा तर साधा त्रैराशिकाचा प्रश्न आहे. ते शेतकऱ्याने वाघाला दिलेले अनुदान आहे. देशातील सर्वांत गरीब करदाता कोण, असे विचारले तर जंगलाकाठच्या या कास्तकाराकडे बोट दाखवावे लागेल. त्याच्या कराची पावती मात्र कोणी फाडत नाही.

मनुष्यहानीची रक्कम वाढत गेली आहे. २०२२ मध्ये ती वीस लाख रुपये झाली आणि त्यानंतर पंचवीस लाख. अशी रक्कम आवश्यकच आहे. परंतु मृत्यूनंतर उदार होणारी व्यवस्था त्याआधीच्या रोजच्या नुकसानीबाबत काटकसरी असेल, तर माणूस कंटाळतो आणि कुंपणात वीज सोडतो. विदर्भात अशा जिवंत तारांनी वाघ मेले आहेत, आणि वाट चुकलेली माणसेही. तार लावणारा गुन्हेगार आहे यात शंका नाही. पण तो जन्मतः क्रूर आहे असे समजणे म्हणजे शहरातून खेड्याकडे पाहण्याची जुनी खोड झाली. २०१५ पासून जंगलाभोवतीच्या गावांसाठी जनवन विकासाची योजना राबविली जात आहे, तीतून स्वयंपाकाचा गॅस, सौर कुंपण अशा गोष्टींना मदत मिळते. सौर कुंपणाचा धक्का जनावराला पळवितो, मारीत नाही. दया आणि शेती यांचा असा मेळ जेथे बसतो तेथे वाघाविषयीचा रागही कमी होतो. पर्यटनामुळे प्रवेशद्वाराजवळच्या काही गावांत तरुणांना वाटाड्याचे, गाडी चालविण्याचे काम मिळाले आहे, हेही नोंदविले पाहिजे. पण प्रवेशद्वार एका गावी असते आणि रानडुकरे सर्वच गावांना जातात.

दयेला ज्ञानाची जोड नसली की काय होते, याचा एक धडा गिधाडांनी दिला आहे. आजारी, म्हाताऱ्या गुरांच्या वेदना थांबाव्यात म्हणून त्यांना डायक्लोफिनॅक नावाचे औषध सर्रास दिले जात असे. हेतू चांगला, औषध स्वस्त. असे गुरू मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. देशातील गिधाडे बघता बघता नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली गिधाडे पेंचच्या जंगलात आणण्यात आली. गाईवरच्या मायेने एक पक्षिजात बुडत आली होती, आणि ती पुन्हा वसविण्यासाठी आता सार्वजनिक पैसा लागतो आहे.

या तालुक्यातच दयेचा हिशेब नीट मांडल्याचेही एक उदाहरण आहे. नागपूर-जबलपूर महामार्ग मनसरवरून पुढे खवासापर्यंत पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करावयाचा ठरले तेव्हा वन्यप्राण्यांची वाट कायमची तुटेल, म्हणून पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. काम वर्षानुवर्षे रखडले. खड्ड्यांनी गांजलेल्या प्रवाशांनी वाघांना आणि वाघांच्या कैवाऱ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. अखेर रस्ता झाला, तो मात्र जागोजागी उचलून. महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी जनावरांसाठी खालून वाट सोडलेली आहे. त्यांतील सर्वांत लांब मार्ग साडेसातशे मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावले, तेव्हा अठरा जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. अकरा निरनिराळ्या वाघांनी मिळून एकोणनव्वद वेळा रस्ता ओलांडला, आणि वरच्या मोटारवाल्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. येथे कोणी कोणाला फुटाणे घातले नाहीत. वाघाच्या पाठीवरून हात फिरविल्याचे समाधान कोणालाही मिळाले नाही. पण खर्च सर्वांनी मिळून उचलला, आणि मनसर-देवलापारच्या एकट्या शेतकऱ्यावर तो पडला नाही.

मग गडावरची दया बंद करावी काय? बंदीच्या पाट्या आपल्याकडे कशा वाचल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा फुटाण्यांवर खर्च होणारा पैसा दुसरीकडे वळविणे अधिक व्यवहार्य होईल. पायथ्याशी एक पेटी असावी, तीत जमणाऱ्या रकमेतून तालुक्यातील किती धुऱ्यांना सौर कुंपण बसले आणि टेकडीच्या उतारावर उंबर, वड, पिंपळ यांची किती झाडे लागली, हे फळ्यावर दरमहा लिहिले जावे. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला येणारा माणूस दानाला नाही म्हणणारा नसतो, त्याला दान कोठे गेले ते दिसावे लागते.

यात एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. पायऱ्यांच्या कडेला टोपली घेऊन बसणारी, फुटाण्यांच्या पुड्या विकून दिवसाची चूल पेटविणारी बाई या योजनेत कोठेच बसत नाही. वानरांची सवय मोडायची, तर तिचे गिऱ्हाईकही मोडते. फुले, प्रसादाचे नारळ किंवा उन्हाळ्यात थंड पाणी विकण्याची जागा तिला प्रथम मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे भांडवल त्या पेटीतून सर्वांत आधी काढावे लागेल.